कडूबाई निवास

घराला बायकोचं नाव द्यायचं, असं दिनकरराव चारचौघांत बोलून गेले आणि मग त्यांना आठवलं, की आपल्या बायकोचं नाव कडूबाई आहे.

बायकोचं नाव माणूस विसरतो कसा, असं कुणी विचारील. तर दिनकररावांनी ते कधी तोंडानं घेतलेलंच नव्हतं. लग्न झालं तेव्हा 'अगं', मुलगा झाल्यावर 'बन्सीची आई' आणि राग आला की नुसतंच 'ऐकू येत नाही का?' एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार सुरळीत चालला होता. त्या काळात परभणीत बायकोला नावानं हाक मारणारा माणूस एक तर डॉक्टर असे, नाही तर नाटकात काम करणारा. दिनकरराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. हेडक्लार्कला असली चैन परवडत नाही.

प्रसंग होता तात्यारावांच्या वास्तुशांतीचा. दुष्काळ सरला आणि जिंतूर रस्त्याच्या कडेला, कालपर्यंत ज्वारी उभी होती त्या वावरात, नोकरदारांची एक वसाहत उगवली. रस्ते नव्हते, गटारं नव्हती, नळ होते पण पाणी कधी येणार हे नळांनाही ठाऊक नसे. फाटकाला संगमरवरी पाटी मात्र हवीच. शेजारच्या तात्यारावांच्या पाटीवर 'पार्वती सदन' असं कोरलेलं होतं आणि आल्या-गेल्यानं त्याचं इतकं कौतुक केलं, की दिनकररावांना हातातला बुंदीचा लाडू गोड लागेना. ते उठून उभेच राहिले.

"घर कुणाचं असतं? बाईचं! आपण पुरुष म्हंजे पाहुणे. सकाळी जेवून जातो, संध्याकाळी जेवायला येतो. आमच्याबी घराला मी मंडळींचंच नाव देणार!"

बायकांत कौतुकाची कुजबुज उठली. तात्यारावांचा चेहरा पडला. हा क्षण इथेच संपला असता तर दिनकररावांचं आयुष्य सुखाचं झालं असतं. पण तात्यारावांच्या पार्वतीबाईंनी अगदी निर्मळ मनानं विचारलं, "मग काय नाव येणार वो वहिनींचं?"

वसाहतीत सगळे त्यांना 'बन्सीच्या आई' म्हणत. दिनकररावांनी तोंड उघडलं, पण त्यात लाडू होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून, अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता, शांत आवाज आला, "कडूबाई."

मग निजामाच्या राज्यात पेशकार असलेले आणि अजून मनानं तिथेच राहणारे आबासाहेब म्हणाले, "बहोत खूब! कडूबाई निवास. कडू चीज तब्येतीला फायद्याची असते, दिनकरराव." आणि मंडपात हशा पिकला.

घरी परत येताना दिनकररावांना वाटलं, बायको रागावली असेल. पण कडूबाई फाटकापाशी थांबल्या, खांबावर पाटीसाठी सोडलेल्या खाचेवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "खरंच माझं नाव लावणार का वो? माझ्या नावाचं कुटंच काय न्हाई. रेशन कार्डावर तुमचं हाय, माहेरी बोरीच्या शेतावर भावाचं. माझं नाव लिवलेलं मी शाळा सुटल्यापून पाह्यलं न्हाई." त्यांचा चेहरा असा उजळला होता, की दिनकररावांना मान हलवण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही.

आता कडूबाई हे नाव काही जगावेगळं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या आडावर उभं राहून 'कडूबाई' अशी हाक मारली, तर दोन-तीन घागरी तरी खाली टेकतील. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरात पुढच्या लेकराचं नाव मुद्दाम वाईट ठेवायचं, ही जुनी रीत. दगडू, धोंडाबाई, केरबा, भिकाबाई, कोंडाबाई, सगळी एकाच कुळातली. लेकरू जन्मलं की सुपात घालून शेजारणीच्या हवाली करायचं, मग पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घ्यायचं आणि नाव ठेवायचं कडू. म्हणजे मरण दाराशी येऊन विचारू लागलं, की हे कुणाचं, तर सांगायचं, आमचं नाही, कोंड्यावर आणलंय, आणि चवीलाही कडू आहे. मग त्यानं तोंड वाकडं करून पुढची वाट धरायची. दिनकररावांना हे सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं आणि ते आपल्या फाटकाच्या खांबावर असणं निराळं.

शिवाय त्यांचा एक जुना सल होता. लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती, पण मॅट्रिक झाल्यावर त्यांनी परभणीत एका वकिलाच्या लग्नात नवऱ्यामुलाला ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिताना पाहिलं होतं. आपल्या लग्नात तसंच करायचं त्यांनी ठरवलं. नावही शोधून ठेवलं, मंदाकिनी. ताट आलं, तांदूळ पसरले, दिनकररावांनी अंगठीनं 'मं' काढला, आणि सासूबाई चांगुणाबाईंनी भर मांडवात ते ताट उचलून आत नेलं. सासू तांदळासाठी एवढी चिकट असेल असं जावयाला वाटलं नव्हतं. तो 'मं' त्यांच्या मनात इतकी वर्षं अर्धवट राहिला होता.

तर आता तो पुरा करायचा, असं दिनकररावांनी ठरवलं. मंदाकिनी निवास! नुसतं म्हटलं तरी घराला एक मजला वाढल्यासारखं वाटत होतं. पण पाथरवट सटवाजी पाटी घेऊन बसलेला, आणि बायकोशी हे बोलायचं धाडस काही होईना. ते सटवाजीला म्हणाले, "आधी 'निवास' कोर. पुढचं मागाहून सांगतो. चार अक्षरांची जागा सोड."

सटवाजी सांगेल तेवढंच करणारा माणूस. त्यानं उजवीकडे ठसठशीत 'निवास' कोरलं, डावीकडे चार अक्षरांची जागा सोडली, गवंड्यानं कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून पाटी तशीच खांबात बसवून टाकली आणि दोघं निघून गेले. संध्याकाळी दिनकरराव कचेरीतून आले तेव्हा त्यांचं घर जगापुढे 'निवास' म्हणून उभं होतं.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. पुढच्याच आठवड्यात ते घरी आले तर ओसरीवरच्या बाजेवर एक अनोळखी गृहस्थ बनियनवर बसून पाय चोळत होते. कोपऱ्यात त्यांची वळकटी होती. नांदेडकडचे बियाण्याचे एजंट होते. एस.टी.तून पाटी वाचली, स्वस्तातलं लॉज दिसतंय म्हणून उतरले. कडूबाईंना वाटलं, नवऱ्याच्या कचेरीतले साहेब. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली आणि वर दही घातलं. गृहस्थ दिनकररावांना म्हणाले, "मालक, जेवण फस्ट क्लास हाय. खोलीत पंखा हाय का?" त्यांना हाकलावं तरी कसं? दही खाल्लेला माणूस. ते दोन दिवस राहून गेले आणि जाताना वसाहतीत सगळ्यांना सांगून गेले, की उतरायला जागा चांगली आहे.

मग दिनकररावांना धीर करावाच लागला. त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि नाव बदलण्याचे फायदे समजावून सांगितले. जमाना बदलला आहे, माणूस चंद्रावर जाऊन आला आहे, वगैरे. चंद्र आणि पाटी यांचा संबंध कडूबाईंना कळला नाही, पण बाकीचं कळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही मंदाकिनी कोण?"

"कोण म्हंजे? तूच!"

"मी कशी? मी तर कडू." त्या उठल्या. "नाव माझं लावतो म्हणलाव, आन आता लावायलाव दुसऱ्याच बाईचं. लावा. तुमचं घर हाय." त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि ते चुकून राहिलेलं नव्हतं.

बातमी वसाहतीत पसरली. असल्या बातमीला रस्ते, गटारं काही लागत नाही. सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. आबासाहेबांचं म्हणणं, "कडूचा उलटा काय, तर शीरीं. शीरीं म्हंजे गोड. नाजूक नाव आहे, साहेब." तात्यारावांचं मत, गोदावरी ठेवा, नदीच्या नावाला कुणी हरकत घेत नाही. आणखी एकानं सुचवलं, की पाटीवर फक्त 'क. निवास' लिहा, म्हणजे कमला समजायचं असेल त्यानं कमला समजावं. दिनकररावांना ही सूचना मनातून आवडली, पण सटवाजीनं चार अक्षरांची जागा सोडली होती. क आणि टिंबापुढे उरलेल्या जागेत काय फुलं काढायची?

शेवटी कायद्यानं जायचं ठरलं. नाव रीतसर बदललं, राजपत्रात छापून आलं, की बायकोलाही काही बोलता येणार नाही, असा त्यांचा हेडक्लार्की हिशेब होता. त्यांनी अर्ज लिहिला. अर्जात एक रकाना होता, 'नाव बदलण्याचे कारण'. तिथं बराच वेळ पेन चावून त्यांनी लिहिलं, 'सदरहू नाव गैरसोयीचे व हास्यास्पद असल्याने'.

ज्या कारकुनासमोर हा अर्ज गेला, त्याच्या टेबलावर पाटी होती: धोंडीराम. त्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"कडूबाई हास्यास्पद?"

"तसं नाही म्हणायचं मला..."

"माझ्या आईचं नाव कोंडाबाई, भावाचं दगडू, आन माझं हे समोर लिवलेलं हाय. हसा."

दिनकरराव हसले नाहीत. आणीबाणीमुळे त्या दिवसांत कचेऱ्यांतली माणसं वेळेवर येऊ लागली होती, पण येऊन काय करायचं यावर सरकारचा ताबा नव्हता. दिनकररावांचा अर्ज इकडून तिकडे फिरू लागला. कधी शिक्का नाही, कधी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांच्या अर्जांचं आयुष्यभर आपण हेच करत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना धोंडीरामाचा राग येण्याऐवजी त्याच्या कामाचं नवल वाटलं. बाकी काही राहिलं नाही तेव्हा धोंडीराम म्हणाले, "बाईला घेऊन या. नाव त्यांचं हाय, तुमचं न्हाई. त्यांच्या तोंडानं ऐकू द्या."

कडूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. सगळी कचेरी माना वर करून बघायला लागली. धोंडीरामांनी आदबीनं खुर्ची दिली आणि विचारलं, "ताई, तुमाला नाव बदलायचंय का?"

कडूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी कसं सांगू? नाव आईनं ठिवलंय. आईला इचारावं लागंल."

"आईला इचारा, मग या," धोंडीराम म्हणाले आणि त्यांनी अर्ज असा मिटला, जणू जन्मात इतका समाधानकारक शेरा त्यांना मारायला मिळाला नव्हता. मागच्या टेबलावर कुणीतरी खाकरलं. नवरा हेडक्लार्क, बाई पस्तिशी ओलांडलेली, आणि परवानगी आईची! दिनकरराव कान लाल करून बाहेर पडले. कडूबाई भाजी घ्यायला मंडईकडे वळल्या.

वाटेत माणिकराव गुरुजी भेटले. पलीकडच्या ओळीत राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे. सल्ला देणाऱ्यांच्या रांगेत ते कधी उभे राहिले नव्हते, म्हणून दिनकररावांनी आपण होऊन त्यांना विचारलं. गुरुजी सायकल हातात धरून बरोबर चालू लागले.

"आमी बदलली नावं," ते म्हणाले. "छप्पन साली धम्म घेतला तवा. आमच्या वस्तीतली कित्येक नावं गावानं दिलेली होती, हिणवायला. ती आमी टाकून दिली. लेकीचं नाव सुजाता ठिवलं. पर आमच्या आईचं नाव केराबाई. ते तिच्या आईनं ठिवलेलं, लेकरू वाचावं म्हून. तिला म्हणलं, बदलू. ती म्हणली, हे गावाचं न्हाई, माझ्या आईचं हाय, राहू दे." गुरुजींनी सायकलवर टांग टाकली. "हिणवायला दिलेलं नाव येगळं आन राखायला दिलेलं येगळं. वहिनींचं कोणतं ते बगा आधी."

दिनकररावांना हे पटलं असतं, पण तेवढ्यात घर आलं आणि पाटी दिसली. पाटीच्या रिकाम्या जागेत वसाहतीतल्या कुणीतरी कोळशानं 'रिकामे' असं लिहून ठेवलं होतं. रविवारच्या पहिल्या एस.टी.नं ते बायकोला घेऊन बोरीला निघाले.

कडूबाईंनी आईसाठी खारीक-खोबरं घेतलं होतं. दिनकररावांनी भाषण घेतलं होतं, मनात. सासूबाईंशी तांदळाच्या ताटाचाही जुना हिशेब एकदा चुकता करायचाच होता.

चांगुणाबाई अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. वय झालं होतं, नजर कमी झाली होती, पण खडा बरोबर सापडत होता. बाजूला म्हैस रवंथ करत होती. दिनकररावांनी चहा होईपर्यंतही दम काढला नाही. जमाना, चंद्र, राजपत्र, सगळं एका दमात सांगितलं. म्हातारीनं जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं लेकीला विचारलं, "तुला बदलायचंय का, कडू?"

कडूबाई आईजवळ सरकल्या आणि त्याही तूर निवडायला लागल्या. कठीण बोलायचं असलं की त्यांना हाताला काम लागे.

"शाळंत मास्तर हजेरी घ्यायचे तवा पोरी तोंड वाकडं करायच्या. तवा लय वाटायचं. मंग लगीन झालं. ह्यांनी तर कवा नावच घेतलं न्हाई." हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, सहज बोलल्या. तरी दिनकररावांना ते लागलं. "तू मला जगिवलं ते मला ठावं हाय, आई. नाव न्हाई बदलायचं मला. पर कवा कवा मनात येतं, तुला माझ्यासाठी गोड काय सुचलंच न्हाई का गं?"

चांगुणाबाईंचा हात सुपातच थांबला.

"सुचलं न्हाई?" त्या म्हणाल्या. "आगं, तुझ्या आदी तीन झाली मला. पयलीचं नाव मोहना ठिवलं. पोराचं गुलाब. मंग साखर. समदी गोड नावं, कवतिकानं ठिवलेली. येक राहिलं न्हाई. तुझ्या येळंला पोटात होतीस तवाच ठरिवलं होतं नाव. त्या तिन्हीपक्षा गोड. तू झालीस आन शेजारच्या कस्तुराबाईनं तुला सुपात घेतलं, म्या कोंडा दिला, समदे म्हणले, कडू म्हण. म्हणलं कडू. पर ते दुसरं माझ्या तोंडात यायचं, दिसभर यायचं. वठापातूर आलं की गिळायची. तू निजलीस मंजे तुझ्याकडं बगून मनातल्या मनात म्हणायची, वठ हलू द्यायची न्हाई."

दिनकररावही तिथंच खाली बसले.

"आन लग्नात," म्हातारी पहिल्यांदा जावयाकडे वळली, "ह्या शहाण्यानं ताट घिऊन नाव लिवायला घेतलं. मांडवात समदं गाव, आन लेकीला गोड नाव! माझ्या जिवाचं पाणी झालं. म्हून ताट उचललं. त्याच तांदळाचा भात करून तुमाला वाढला, जावईबापू. तुमी दोनदा घेतलाव."

म्हणजे तो 'मं' आपणच खाल्ला होता. दिनकररावांनी नकळत पोटावर हात ठेवला.

कडूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "मला सांग की गं, आई. आता तर मी जगले."

चांगुणाबाईंनी अंगणाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. मग आभाळाकडेही पाहिलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमी जरा म्हशीकडं बगा."

दिनकरराव हेडक्लार्क म्हशीकडे बघत उभे राहिले. म्हैस त्यांच्याकडे बघत राहिली. मागे लुगड्याची सळसळ झाली. आईनं आपला पदर लेकीच्या डोक्यावरून घेतला असणार, दोघींची डोकी त्या पदराखाली झाकली असणार. बारशाला पाळण्यातल्या लेकराच्या कानात नाव सांगतात, तसं काही तरी झालं. इतक्या हळू, की कान टवकारूनही दिनकररावांना फक्त म्हशीचा श्वास ऐकू आला. कडूबाईंचं बारसं राहून गेलं होतं, ते त्या दिवशी झालं.

बऱ्याच वेळानं चांगुणाबाई म्हणाल्या, "वळा आता." दोघींचे चेहरे धुतल्यासारखे झाले होते. "पाटीवर कडूबाईच लिवा," म्हातारीनं सांगितलं. "मोठं लिवा. मरणाला दुरून वाचता यायला पायजे."

दुसऱ्याच दिवशी सटवाजीनं स्टुलावर चढून नाव कोरलं. मंदाकिनीची चार अक्षरं जिथं बसायची होती, तिथं कडूबाईची चार अक्षरं फट न राहता बसली. कडूबाई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांनी पाटी वाचली, जवळ येऊन वाचली, मग पदरानं कोळशाचा उरलेला काळा डाग पुसला. दिनकररावांना इतक्या वर्षांत कुठलीही साडी आणून हा चेहरा बघायला मिळाला नव्हता. कचेरीत जाऊन त्यांनी धोंडीरामांकडून अर्ज परत मागितला. धोंडीरामांनी तो पहिल्याच फेरीत दिला आणि वर चहा पाजला.

वसाहत काही दिवस हसली. मग टांगेवाले 'कडूबाईच्या घरापाशी' असा पत्ता सांगू लागले, पोस्टमन तसंच म्हणू लागला, आणि तात्यारावांना येणारे पाहुणेसुद्धा 'कडूबाईच्या शेजारी' असं विचारत येऊ लागले. एक दिवस पार्वतीबाई मागच्या दारानं आल्या. विरजण मागायला आल्या होत्या, पण विरजण घेऊनही उभ्याच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, मला माहेरी धोंडाबाई म्हणायचे." आणि दोघी चुलीपाशी बसून कितीतरी वेळ बोलत राहिल्या.

दिनकररावांचं सगळं ठीक झालं होतं, पण एक गोष्ट त्यांना चैन पडू देत नव्हती. ते नाव काय? राजपत्र, आबासाहेब, सगळं पालथं घालून ज्याच्या मागे ते फिरले, ते गोड नाव त्यांच्याच घरात होतं आणि त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ विचारून पाहिलं. कडूबाई नुसत्या हसल्या. मग त्यांनी ओळखायचा सपाटा लावला. संध्याकाळी ओसरीवर दोघं बसली, की ते हळूच विचारत, "शेवंता?"

"न्हाई."

"चंद्रभागा?"

"न्हाई वो."

"शीरीं?"

"हे आबासाहेबाचं हाय. तुमचं सांगा."

त्यांना या खेळाची गोडी लागली. कचेरीत बसल्या बसल्या नावं सुचत, संध्याकाळी ती घेऊन ते घरी येत. आयुष्यात बायकोशी ते इतकं कधीच बोलले नव्हते. एकेक नाव घेऊन ते तिच्याकडे बघत, आणि हे नाव हिला कसं दिसलं असतं याचा विचार करत. त्या निमित्तानं त्यांनी बायकोला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

अशाच एका संध्याकाळी कडूबाई ओसरीवर बसून तूर निवडत होत्या, अगदी आईसारखी मान वाकवून. दिनकरराव बाजूला चपला काढत होते. काही न ठरवता, तिच्याकडे बघता बघता त्यांच्या तोंडून एक नाव निघालं. कुठल्या यादीतलं नव्हतं ते. साधंच होतं.

कडूबाई 'न्हाई' म्हणाल्याच नाहीत.

त्यांचा हात सुपातच थांबला. त्यांनी मान वर केली नाही, पण सुपातल्या तुरीवर एक थेंब पडला.

आयुष्यभर कचेरीत सगळ्यांना अंधश्रद्धेवरून बोल लावणारा तो माणूस, माणूस चंद्रावर जाऊन आला म्हणून सासूला सुनावायला निघालेला तो माणूस, ताडकन उठून उभा राहिला. त्यानं रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. वर लिंबाच्या फांद्यांत पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही? मग पाटीकडे तोंड करून, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल असा आवाज त्यानं लावला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा.

"कडू! ए कडू! चहा टाक गं, कडू!"

पार्वतीबाई दारात आल्या. आबासाहेब खिडकीत आले. आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या कडूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "टाकते की. हितंच तर हाय मी. वरडायलाव कशाला?"